पंचनाम्यात न लिहिलेली माती

वर्धा खोऱ्यातल्या उघड्या कोळसा खाणींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘पावसापुढे कोणाचे चालते?’ जनसुनावणीत ते अधिकारी म्हणतात, पूरग्रस्तांच्या बैठकीत पुढारी म्हणतात. आता तर ज्यांच्या वावरात गाळ भरला ते शेतकरीही मान हलवून तेच म्हणू लागले आहेत. हे शेवटचे मला सर्वांत जास्त सलते. नुकसान सोसणाऱ्यानेच नुकसान करणाऱ्याची बाजू मांडावी, इतके ते वाक्य आपल्या अंगवळणी पडले आहे. म्हणून हा प्रतिवाद.

कोणत्याही कंपनीचे नाव मी येथे घेत नाही, कारण हा दोष एका खाणीचा नाही. माझे म्हणणे असे की, खाणीच्या ढिगाऱ्यावरून नाल्यात आणि नाल्यातून शेतात उतरणारी माती ही पावसाची करणी नव्हे. तिचा हिशेब पाऊस पडण्याआधी मांडता येतो. तो मांडला नाही, किंवा कागदावर मांडून जमिनीवर उतरवला नाही, म्हणून ती माती येते.

जुलै २०२२ च्या पुरात वर्धा, पैनगंगा, इरई साऱ्याच फुगल्या होत्या. पाणी ओसरल्यावर मी वणी तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या वावरात गेलो. वावराच्या धुऱ्याला लागून नाला, आणि नाल्याच्या वरच्या अंगाला काही अंतरावर खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर. सोयाबीन दिसतच नव्हते. त्याने खुरप्याने एक चौकोनी ढेकूळ कापून माझ्या हातात दिले. खाली आमची ओळखीची काळी माती होती, मुठीत दाबली तर गोळा होणारी. वर चार बोटे जाडीचा राखाडी-पिवळट थर, वाळून पापड्यासारखा तडकलेला. त्या थरात चकाकणारे कोळशाचे कण आणि वाळूच्या खडकाचे टोकदार तुकडे होते. टोके झिजलेली नव्हती, म्हणजे ते लांबून वाहत आलेले नव्हते. काळी आणि राखाडी यांच्यामधली रेघ सुरीने कापल्यासारखी सरळ होती.

पंचनाम्याला माणसे आली. थराची जाडी मोजली. तीन इंचांपेक्षा जास्त गाळ असेल तर आपत्ती निवारण निधीच्या २०२२-२६ च्या निकषाप्रमाणे तो काढण्यासाठी लहान व सीमांत शेतकऱ्याला हेक्टरी १८ हजार रुपये मिळतात. जाडी लिहिली गेली, क्षेत्र लिहिले गेले. माती कोठून आली हे लिहायला त्या कागदात जागाच नव्हती. मी विचारले तर उत्तर आले, ‘पुराने आली.’ आणि अशा रीतीने खाणीची माती सरकारदरबारी पुराची माती झाली. ती काढण्याचे पैसे आपत्तीच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्याआमच्या करातून दिले गेले.

आता त्या पावसाकडे वळू, ज्यापुढे म्हणे कोणाचे चालत नाही.

आपल्या महसूल खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी. ही रेषा शेतकऱ्याला मदत केव्हा द्यायची हे ठरवण्यासाठी आखलेली आहे. खाणीचे अभियंते मात्र हाच शब्द ढालीसारखा पुढे करतात. ‘त्या दिवशी अतिवृष्टी झाली होती’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला वाटते, काहीतरी न भूतो घडले. चंद्रपूर-वणी भागात वर्षाला साधारण हजार-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा प्रदेशात दिवसाला ६५ मिलिमीटर हा काही पिढ्यांतून एकदा येणारा पाहुणा नाही. ज्याने येथे दोन पावसाळे काढले त्याला तो ठाऊक असतो.

आणि त्याचा हिशेब शाळेतला आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. शंभर हेक्टरांच्या ढिगाऱ्यावर ६५ मिलिमीटर पडले तर साडेसहा कोटी लिटर. त्यातले काही मुरेल, पण डंपरच्या चाकांखाली दबलेल्या आणि आधीच भिजलेल्या चिकण मातीत फारसे मुरत नाही. उरलेले पाणी कोठून उतरेल, कोठे साठेल, किती वेळ थांबेल आणि कोठून बाहेर पडेल, हे ढिगारा रचायच्या आधी ठरवता येते. पर्यावरण मंजुरीच्या पत्रात कंपनीने हे मान्यही केलेले असते. खाणीभोवती आणि ढिगाऱ्याभोवती गारलँड ड्रेन, म्हणजे माळेसारखे वेढणारे चर, काढायचे. संपची, म्हणजे पाणी साठवायच्या खड्ड्याची, क्षमता त्या भागातल्या कमाल अचानक पावसाहून पन्नास टक्के जास्त धरायची. गाळ खाली बसण्याइतका वेळ पाणी थांबवायचे. या अटी वर्षानुवर्षे जवळजवळ त्याच शब्दांत मंजुरीपत्रांत येत आहेत. ज्याने कमाल पावसावर आणखी निम्मी क्षमता ठेवण्याचे लिहून दिले, त्याला ‘पाऊस फार झाला’ म्हणण्याचा अधिकार राहतो का?

महाराष्ट्रात नदीकाठच्या माणसाला घर बांधायचे असेल तर निळी आणि लाल पूररेषा दाखवल्या जातात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. चंद्रपूर शहराने २००६, २०१३ आणि २०२२ असे सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले. सामान्य माणसाने शंभर वर्षांचा पूर धरून घर बांधावे आणि कोट्यवधी टन माती रचणाऱ्याने दर पूर अनपेक्षित म्हणावा, हा न्याय मला मान्य नाही.

ही सबब आपल्याकडेच जन्मली असेही नाही. वेल्समधल्या आबरफानला २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी खाणीच्या राडारोड्याचा ढिगारा डोंगरावरून घसरून शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले. ढिगाऱ्याखाली झरे होते आणि ते कोणालाच माहीत नव्हते, असे ती खाण चालवणाऱ्या कोळसा मंडळाचे अध्यक्ष प्रथम सांगत राहिले. गावाला ते झरे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. न्यायाधिकरणाने दोष कोळसा मंडळावरच ठेवला. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीकच्या खोऱ्यात २६ फेब्रुवारी १९७२ ला पावसाने तुडुंब भरलेला कोळशाच्या गाळाचा बांध फुटला, १२५ माणसे वाहून गेली, आणि कंपनीने त्याला देवाची करणी म्हटले. आपल्या नाल्यात येणारा गाळ माणसे मारत नाही, मान्य. पण ‘देवाची करणी’ हा शब्द तेथे जितका खोटा होता तितकाच येथेही आहे. पाऊस आकाशातून येतो. ढिगारा कोणी रचला, कोठे रचला, किती उभा रचला, हे जमिनीवरच्या माणसाने ठरवलेले असते.

दुसरे उत्तर जास्त गोड शब्दांत येते. ‘नदी पावसाळ्यात गढूळच असते. आणि गाळ म्हणजे तर खत! सरकार स्वतः तलावातला गाळ शेतात टाकायला सांगते.’ हे ऐकून सभेत टाळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना महाराष्ट्रात २०१७ पासून आहे आणि ती चांगली आहे. पण तलावातला गाळ म्हणजे पाणलोटातल्या शेतांची आणि रानाची वरची माती. तिच्यात कुजलेला पालापाचोळा असतो, मुळे असतात, जीव असतो. खाणीच्या ढिगाऱ्यातली माती दहा-वीस मीटरांपासून कितीतरी खोलवरून उपसलेली असते : चिकण माती, वाळूचा खडक, शेल, कोळसाळ दगड. लाखो वर्षे तिने ऊन पाहिलेले नसते, तिच्यात सेंद्रिय अंश नावालाच असतो. म्हणून तर वरची सुपीक माती वेगळी काढून वेगळी साठवा आणि नंतर ढिगाऱ्यावर पसरा, अशी अट खाणीला घातलेली असते. दोन्ही माती सारखीच असती तर ती अट कशाला घातली असती? शेतकऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही. त्याला विचारा, तो राखाडी थर नांगरून काळीत मिसळायला तयार आहे का.

नदी गढूळ असतेच, हे खरे. प्रश्न किती गढूळ आणि कशाने, एवढाच आहे. ते पाहायला ज्या जागी खाणीचा चर नाल्याला मिळतो त्याच्या पन्नास पावले वर आणि पन्नास पावले खाली उभे राहावे. दोन रंगांचे पाणी शेजारी शेजारी वाहताना दिसते. मी ते पाहिले आहे.

यानंतर येते ते सर्वांत वजनदार वाटणारे उत्तर : ‘आमच्याकडे सेटलिंग पाँड आहेत.’ येथे मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण या एका वाक्यापाशी बहुतेक सभा गप्प होतात. गाळ बसवायचा तलाव आहे, नकाशावर निळ्या रंगात दाखवला आहे, मग आणखी काय हवे?

हवे ते भौतिकशास्त्र. पाण्यात कण किती वेगाने खाली बसतो याचा नियम जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडून ठेवला आहे. त्याप्रमाणे वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. बारीक वाळूचा दशांश मिलिमीटरचा कण शांत पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटे घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याचा पोयट्याचा कण सुमारे तीन तास घेतो. आणि त्याच्याही दहाव्या हिश्श्याचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा चिकण मातीचा कण तेवढ्याच अंतराला बारा-तेरा दिवस घेतो, तेही पाणी मुळीच हलले नाही तर. आपल्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत आणि तिच्याखालच्या थरांत हेच बारीक चिकण कण भरपूर. ती माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाण्यात विरघळल्यासारखी तरंगत राहते.

हे मी पुस्तकावरून सांगतो आहे असे वाटू नये. पुराच्या त्याच पावसाळ्यात नाल्यातले पाणी मी शीतपेयाच्या दोन लिटरच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले. पहिल्या पाच मिनिटांत तळाशी बोटभर रेती बसली. संध्याकाळपर्यंत तिच्यावर राखाडी साय आली. त्यानंतर काही झालेच नाही. आठ दिवसांनीही बाटलीतून पलीकडची जाळी दिसत नव्हती, पाणी ताकासारखेच. मग त्याच पाण्याच्या दुसऱ्या बाटलीत तुरटी फिरवली. आमच्या आजीच्या काळी घरोघरी माठात फिरवायचे तशी. अर्ध्या तासात कणांचे पुंजके धरले, ते खाली बसले आणि वर निवळ पाणी आले.

आता हा हिशेब खाणीच्या तलावाला लावा. तलावाची खोली सांगितली जाते, घनफळ सांगितले जाते. पण कण पकडायचा तर खरे महत्त्व पाण्याच्या पृष्ठभागाला असते. सेकंदाला एक घनमीटर पाणी तलावात येत असेल आणि शतांश मिलिमीटरचा पोयटा त्यात अडवायचा असेल, तर किमान पावणेतीन एकर, म्हणजे एक हेक्टरहून थोडे जास्त पृष्ठ लागते, आणि तेही पाणी सगळीकडून सारखे वाहिले तर. चिकण मातीचा कण नुसता बसवायचा म्हटले तर ते क्षेत्र शंभरपट होते. इतका तलाव कोणी खणू शकत नाही, खणावा असेही मी म्हणत नाही. त्यावर उपाय तुरटीसारखे किंवा पॉलिमरचे गोठण-द्रव्य मोजून मिसळण्याचा आहे, तलावात आडव्या भिंती घालून पाण्याला लांबचा रस्ता देण्याचा आहे, एकामागे एक तीन तलाव ठेवण्याचा आहे. आणि सर्वांत आधी, पावसाळा लागण्यापूर्वी तलाव उपसण्याचा आहे. मागच्या वर्षीच्या गाळाने अर्धा भरलेला तलाव नकाशावर तेवढाच निळा दिसतो. पाणी त्याच्या तोंडातून शिरते आणि तसेच सांडव्यावरून निघून जाते.

शिवाय तलाव ही शेवटची पायरी आहे. ज्याने ढिगाऱ्यावरच माती धरली त्याच्या तलावावर भार येत नाही. मंजुरीपत्रात ढिगाऱ्याचा एकंदर उतार २८ अंशांपेक्षा जास्त नको असे असते. डंपरने मागच्या मागे लोटलेली माती स्वतःहून थांबते ती पस्तीस अंशांच्या आसपास. म्हणजे २८ अंश आपोआप मिळत नाहीत, डोझर लावून टप्पे पाडावे लागतात. प्रत्येक टप्प्याचा माथा आतल्या बाजूला किंचित झुकता ठेवावा लागतो, म्हणजे पाणी कडेवरून खाली कोसळत नाही. टप्प्यावर जमलेले पाणी खाली आणायला दगडी पिचिंगचे पाट लागतात. पायथ्याशी दगडाची भिंत आणि तिच्या आत चर लागतो. त्या भिंतीची मापेही पावसाच्या आकडेवारीवरून ठरवा, असे अटीतच आहे. आणि उतारावर पहिल्या पावसाच्या आत गवत हवे, रोपे नंतर. मला येथे वृक्षारोपणाच्या फोटोंबद्दल एक तक्रार आहे. तीन मीटरांवर एक रोप लावलेल्या उघड्या उतारावर रोपांच्या मधूनच ओघळी पडतात, पुढच्या वर्षी त्यांच्या घळी होतात आणि रोपे मुळांसकट खाली येतात. मातीला पकडून ठेवते ते गवत. फोटोत झाड उठून दिसते, म्हणून झाड लावले जाते.

‘पण आमचे नमुने मर्यादेत आहेत’ हे उत्तरही मी ऐकले आहे. कोळसा खाणींसाठी केंद्र सरकारने २५ सप्टेंबर २००० च्या अधिसूचनेने मानके ठरवली. त्यांत बाहेर सोडायच्या पाण्यात तरंगत्या घन पदार्थांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम आहे. मला एकदा अहवाल दाखवला गेला, आकडा मर्यादेच्या आत होता. मी विचारले, हा नमुना घेतला त्या दिवशी पाऊस किती पडला होता? ती नोंद अहवालात नव्हती. पंधरा दिवस उघडीप असताना तलावातून निथळणारे पाणी स्वच्छ असणारच. वर्षभराचा बहुतेक गाळ चार-सहा मुसळधार दिवसांत वाहून जातो, आणि त्यातही पहिल्या काही तासांत. त्या तासांत नमुना घेतला नसेल तर उरलेल्या साडेतीनशे दिवसांचे आकडे खरे असूनही निरुपयोगी आहेत. मंजुरीच्या अटी पाळल्याच्या सहामाही अनुपालन अहवालाच्या तारखा १ जून आणि १ डिसेंबर. कागद अचूक पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे पोहोचतात. मधल्या महिन्यांत नाल्यावर कोणी उभे राहायचे, हे मात्र कोठे लिहिलेले नाही.

शेवटी, जेव्हा बाकी सगळे संपते तेव्हा विचारले जाते, ‘मग वीज नको का?’ हवी. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे आणि त्या विजेवर माझ्याही घरचा दिवा लागतो. पण ज्या इरईच्या धरणाचे पाणी त्या केंद्राला जाते, ती नदी आणि तिच्या खालच्या अंगाची गावे त्याच विजेसाठी बुजवावी लागतात, हे कोणी सिद्ध केले? अमेरिकेने बफेलो क्रीकनंतर पाच वर्षांनी, १९७७ मध्ये, उघड्या खाणींसाठी कायदा केला. त्याखालच्या नियमांनी खाणीबाहेर जाणारे पाणी आधी गाळाच्या तलावातून नेणे बंधनकारक झाले आणि दहा वर्षांतून एकदा येणारा चोवीस तासांचा पाऊस हे मोजमाप झाले. त्या कायद्याने कोळसा बंद पडला नाही. १९७७ मध्ये तेथे सुमारे ७० कोटी अमेरिकी टन कोळसा निघत होता, २००८ मध्ये तो ११७ कोटींवर गेला. तेथेही सगळे आलबेल नाही, कोळशासाठी तेथल्या अॅपलाचिया पर्वतातल्या डोंगरांचे काय झाले ते मला ठाऊक आहे. पण पाणी अडवून गाळ बसवायला लावले म्हणून खाणी बुडतात, हे त्या आकड्यांतून तरी निघत नाही.

आपल्या खोऱ्यात एक टन कोळशामागे चार घनमीटरांच्या वर माती-दगड उपसावा लागतो. तो उपसायचा खर्च कोळशाच्या दरात धरलेला असतो. डंपरचे डिझेल धरलेले असते, स्फोटके धरलेली असतात. ती माती जागेवर थांबवण्याचा खर्चही त्याच हिशेबात बसला पाहिजे. आज तो नाल्याकाठच्या वावरात जातो आणि हेक्टरी काही हजारांच्या मदतीत मिटवला जातो.

म्हणून पंचनाम्याच्या नमुन्यात एक रकाना वाढवा, अशी माझी महसूल खात्याकडे मागणी आहे : गाळ कोठून आला. वरच्या अंगाला खाणीचा ढिगारा असेल तर तेथल्या आणि वावरातल्या मातीचा नमुना एकत्र तपासा, आणि जुळला तर पैसे खाणीकडून वसूल करा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पावसाच्या दिवशीच नमुना घ्यावा आणि त्याशेजारी त्या दिवसाचा पाऊस लिहावा. तलाव उपसल्याची तारीख आणि उपसलेल्या गाळाचे घनफळ दर वर्षी मे महिन्यात ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावे.

आणि नाल्याकाठच्या माझ्या शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, तोवर एवढे करा. पहिल्या मोठ्या पावसात खाणीचा चर नाल्याला मिळतो त्याच्या वरचे एक आणि खालचे एक, अशा दोन बाटल्या पाणी भरा. बाटलीवर तारीख, वेळ आणि जागा लिहा, फोटो काढा. तलाठी पंचनाम्याला आले की गाळाची जाडी मोजू द्या आणि मग त्या दोन्ही बाटल्या त्यांच्यासमोर ठेवा.